खाली न टेकवायची कळशी

आमच्या भागात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. शाळेतली मुले भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत तिचे नाव गोदावरी असे लिहितात आणि घरी येऊन ‘गंगेला पाणी सोडलं’ असे सांगतात. त्यांचा त्यात काहीच घोटाळा होत नाही.

माझ्या पत्नीचे माहेर आमच्या गावाजवळच, गेवराई तालुक्यात या गंगेच्या अगदी काठावर आहे. तिथल्या बायकांची एक रीत होती. श्रावणात घाटावर तांब्याची कळशी भरायची आणि ते पाणी परळीला नेऊन वैजनाथाच्या पिंडीवर घालायचे. नियम दोनच. कळशी वाटेत जमिनीला टेकवायची नाही. एक थकली की दुसरीच्या कमरेवर द्यायची, कोणीच उरले नाही तर झाडाच्या फांदीला टांगायची. आणि वाटेत जी नदी भेटेल तिची एक ओंजळ कळशीत घ्यायची. लेक माहेराहून निघाली आहे, वाटेत बहिणी भेटतात, त्यांना टाळून पुढे कसे जायचे, असा त्यांचा विचार. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला मी या रीतीला ग्रंथाधार शोधत बसलो होतो. तो सापडला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ओल्या वस्त्राने तोंड बांधलेली ती कळशी तिच्या कमरेवर पाहिली आणि मी आधार शोधणे थांबवले.

पुढे पायी चालणाऱ्या बायका एकेक करून कमी झाल्या. ज्या उरल्या त्या माजलगावच्या एसटीने जाऊ लागल्या; कळशी आळीपाळीने मांडीवर. मग माझी पत्नी एकटीच जाऊ लागली. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला आणि उजवे अंग गेले. त्या वर्षी कळशी गेली नाही. गेल्या वर्षीही गेली नाही. यंदा आषाढ संपता संपता तिने मला जवळ बोलावले. तिचे शब्द आता जड येतात, परंतु एकही वाया जात नाही.

“अहो, यंदा तुम्ही न्या. माझ्या डोळ्यांदेखत एकदा तरी जाऊ द्या.”

मी हो म्हणालो. कळशी टेकणार नाही असाही शब्द दिला. नंतर माझ्या ध्यानात आले की श्रावणी सोमवारी एसटीत उभे राहून भरलेली कळशी सांभाळण्याइतके माझे गुडघे आता उरलेले नाहीत.

ही अडचण पाटलाच्या कानावर गेली. पाटील म्हणजे माझा बालमित्र. चकलांब्याच्या शाळेत आम्ही एका पाटीवर दोघे लिहीत असू. मी संस्कृत शिकायला बाहेर गेलो, तो शेतावर राहिला. पुढे तो सरपंच झाला, त्याची जमीन वाढली, त्याचा शब्द तालुक्यात चालू लागला आणि आता त्याला जिल्ह्याच्या राजकारणात उतरायचे होते. माझ्या पत्नीला सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन आल्या वर्षापासून ती पाटलालाच राखी बांधते. ज्या पहाटे तिचे अंग गेले त्या पहाटे त्यानेच मोटर दारात आणली. तिचे डोके माझ्या मांडीवर होते आणि पुढे त्याची पाठ मला दिसत होती. बीडचे इस्पितळ येईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही, फक्त मोटर हाकली. त्या पाठीला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता.

तो संध्याकाळी आला आणि तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसला.

“ताई, कावून एवढी काळजी करतीस? मी हाय की. पहिल्या सोमवारी शास्त्रीला माझ्या मोटरीत घालून नेतो न् आणतो.”

“माजलगावच्या वाटेनं न्या,” ती म्हणाली.

“त्या वाटेनं एकटी सिंदफणा भेटती. आमी बीडवरनं जातो. सिंदफणा, मग बिंदुसरा, मग मांजरा. तीन बहिणी! शास्त्री, तू सांग, एक बहीण बरी का तीन?”

“ती वाट लांब पडते, दादा.”

“मोटरीला काय लांब न् काय जवळ! आन् रस्ता बघ तर खरं. गंगेचा काठ, पुढं बालाघाटचा घाट, पालीचं तळं. लोकं पैसे मोजून असला रस्ता बघाया जातेत.”

मला ते पटले. खरे सांगायचे तर फार आवडले. तिच्या माहेरच्या रीतीचा इतका विचार या शेतकरी माणसाने केला याचे मला कौतुक वाटले आणि मीच तिची समजूत घातली. तिने शेवटी डाव्या हाताने पाटलाचे मनगट धरले.

“दादा, कळशी टेकवायची नाही.”

“न्हाई टेकवणार. लागली तर डोक्यावर धरतो. मग तर झालं?”

“डोक्यावर नको. तिथं फेटे बसायचेत तुमचे.”

तो मोठ्याने हसला. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू उमटले. दुसरा अर्धा आता हसत नाही.

सोमवारी सूर्योदयाला आम्ही घाटावर होतो. वरून धरणाचे पाणी सुटले होते. गंगा दोन्ही काठ धरून, लाल मातीच्या रंगाची, गंभीरपणे चालली होती. स्नान करून मी कळशी भरली. तोंडावर ओले पांढरे वस्त्र ठेवले, त्यावरून दर्भाची दोरी फिरवली आणि पवित्रकाला, म्हणजे पूजेतल्या दर्भाच्या अंगठीला घालतात तशी गाठ घातली. मोटरीत बसून कळशी मांडीवर घेतली तेव्हा पाण्याचा भार मांडीला जाणवला, आणि पत्नीने इतकी वर्षे काय वाहिले ते मला या वयात प्रथम कळले.

तो सकाळचा प्रवास माझ्या आयुष्यातल्या सुंदर प्रवासांपैकी एक होता. हे लिहिताना मला जड जाते, परंतु जे होते ते होते. डाव्या हाताला बराच वेळ गंगा सोबत करीत होती; मध्येच उसाच्या आड जायची, बाभळींच्या ओळीतून पुन्हा दिसायची. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. पुढे गंगा मागे राहिली, गेवराई गेली, आणि मोठ्या रस्त्यावर सिंदफणेचा पूल आला. पाटलाने पुलाच्या अलीकडे मोटर थांबवली. काठ निसरडा होता. त्याने माझा दंड धरून मला खाली नेले, कळशी स्वतःच्या दोन्ही हातांत धरली आणि मी गाठ सोडून ओंजळ आत घातली.

“भेटल्या का बहिणी?” त्याने विचारले.

“भेटल्या.”

“मग रडल्या असतील. बायका भेटल्या की रडतेत.”

बीड शहरात बिंदुसरेच्या पुलावर त्याने नाकाला उपरणे लावले. “हिची वंजळ घेतोस? वैजनाथ उठून पळंल.” आम्ही तिची ओंजळ शहराच्या वरच्या अंगाला, पालीच्या तलावाजवळ घेतली. तिथे ती अजून नदी होती. तलाव भरत आला होता आणि वाऱ्याने पाण्यावर बारीक चुण्या पडत होत्या. पुढे घाट लागला. दोन्ही बाजूंच्या उतारांवर सीताफळीची झाडे हिरवी झाली होती. एका वळणावर मेंढरांनी सगळा रस्ता व्यापला होता. पाटलाने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. घोंगडी पांघरलेला धनगर काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, “सायेब, मेंढराला भोंगा कळत न्हाई. कुत्र्यागत भुंकून बघा.” मी हसलो. पाटील हसला नाही. त्याने घड्याळ पाहिले. त्याला घाई कसली, हे मी विचारले नाही.

ते मांजरसुंब्याला कळले. तिठ्यावरच्या एका धाब्यासमोर गाड्या लागलेल्या होत्या आणि पांढऱ्या सदऱ्यांतली माणसे हारतुरे घेऊन उभी होती. मोटर थांबताच ती पुढे आली. पाटलाला त्यांचे आश्चर्य वाटले नाही. उतरण्यापूर्वी त्याने आरशात पाहून टोपी नीट केली. तीन बहिणींची वाट का निवडली गेली, हे मला तिथे बसल्या बसल्या समजले. मन थोडे उतरले. तरी मी स्वतःला समजावले की एका वाटेने दोन कामे होत असतील तर त्यात पाप नाही. वाट तर खरीच नद्यांची आहे.

मला लघुशंकेला जाणे भाग होते. कळशी घेऊन तिथे जाता येत नाही. टांगावी तर जवळ झाड नव्हते.

“दे इकडं,” पाटील म्हणाला.

“हातातच धर.”

“आरं, जा बाबा तू.”

माझे हातपाय धुणे, आचमन, सगळे सावकाश चालते. मी परत आलो तेव्हा पाटलाच्या गळ्यात झेंडूचे हार होते आणि कळशी त्याच्या हातात होती. त्याने ती लगेच माझ्याकडे दिली. थोडी जास्तच लगेच. मोटरीत बसून मांडीवर घेतली तेव्हा मला गारठा जाणवला. वस्त्र तेच होते, पण वरची गाठ माझी नव्हती. साधी, गाईला दावे बांधावे तशी होती.

“गाठ सुटली होती?”

“ढिली झालती. मीच आवळली.”

“पाणी ठीक आहे ना?”

त्याने माझ्याकडे सरळ पाहिले. “हाय की. हातातनं खाली ठिवली न्हाई, शास्त्री.”

मी विश्वास ठेवला. कशाला ठेवणार नाही? गारठ्याचे कारण मोटरीतली थंड हवा असेल, असे मीच माझ्या मनाला पुरवले. मग पाटलाने मला उतरवून माणसांसमोर उभे केले. “हे आमचे शास्त्रीबुवा. गंगेचं पाणी वैजनाथाला निघालंय. आपल्या कामासाठीच साकडं घालणार हायत.” माणसे माझ्या पाया पडली. कोणीतरी मोबाइल पुढे धरला. पाटलाने एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा कळशीवर ठेवला आणि तो फोटो निघाला. पत्नीच्या कळशीचा आता पाटलाच्या उमेदवारीचा नवस झाला होता. चारचौघांत त्याला खाली पाहायला लावणे मला जमले नसते.

केज मागे पडल्यावर मांजरेकडे जाणारा फाटा जवळ आला. पाटलाने वेग कमी केला नाही.

“मांजरा राहू दे. लई उशीर झालाय. अंबाजोगाईला लोकं थांबलेत.”

“तीन बहिणी तूच म्हणाला होतास.”

“दोन भेटल्या की.”

“पाटील, तिला मी काय सांगू?”

त्याने मोटर वळवली, पण तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत राहिला. काठावर पोहोचल्यावर तो स्वतः उतरला नाही. काचेतून म्हणाला, “फडकं सोडू नको आता. वरनंच घाल चार थेंब. झिरपतंय आत.” कडेला बसून मी ओल्या मातीत पाय रोवले, कळशी मांडीवर घेतली आणि गाठ सोडली.

आत तळ दिसत होता. कारागिराच्या हातोडीच्या खुणा असलेला तांब्याचा तळ, एकेक खूण वेगळी मोजता यावी इतका स्वच्छ. सकाळी मी तीन नद्यांचे गढूळ पाणी आत घातले होते. ज्या पाण्यात माझे बोट दिसले नव्हते त्या पाण्यातून मला तळ दिसत होता. मी बोट बुडवून ओठांना लावले. त्याला कसलीच चव नव्हती. मातीचीही नव्हती.

पाटील शेवटी खाली उतरला आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. हार त्याच्या गळ्यात अजून होते.

“सांडलं,” तो म्हणाला. “हार घालाया लागले, दोन्ही हात पाह्यजेत. टेबलावर ठिवली एक घडीभर. कुणाचा तरी धक्का लागला. मग धाब्यावरनं बाटल्या घेतल्या. नवीन, शील फोडून भरल्या.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय झालं असतं? तू म्हणला असतास, परत गंगेला चला.”

“हो. म्हणालो असतो.”

“मंग! एवढी माणसं सोडून परत चला? पाणी ते पाणी, शास्त्री. आन् तूच न्हाई का सांगत, मंत्र म्हटला की सगळ्या नद्या तांब्यात येतेत? मुंजीत, लग्नात, नळाच्या पाण्यावर म्हणतोस की न्हाई? मंग म्हण ह्याच्यावर. आण गंगेला बोलावून.”

हा आघात मला अपेक्षित नव्हता. माझीच विद्या त्याने माझ्यासमोर ठेवली होती. नद्यांना आवाहन करतात, हे खरे आहे. मी आयुष्यभर केले आहे. ज्याच्याजवळ नदी नाही त्याच्यासाठी ती सोय आहे. हातातली नदी सांडून वर झाकण घालणाऱ्यासाठी नाही. हे मी त्याला सांगितले, बहुधा याहून वाईट शब्दांत.

तो थकल्यासारखा म्हणाला, “ताईला काय कळणार हाय? ती काय बघाया येती?”

पाणी सांडले, हे मी समजू शकत होतो. गर्दीत कळशी कोणाच्याही हातून सांडेल. परंतु जो तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसला होता, ज्याचे मनगट तिने धरले होते, त्यानेच तिला उठून पाहता येत नाही ही गोष्ट सोयीची म्हणून मोजून ठेवली होती.

मी ते पाणी बाभळीच्या मुळाशी ओतले. मग मांजरेत उतरलो, कळशी भरली, माझी गाठ घातली. गंगेला परतावे तर मोटर त्याची होती आणि मन एका जागी राहत नव्हते. श्रावणी सोमवारी वैजनाथाला निघालेली कळशी रिकामी न्यायची नाही, एवढेच मला त्या घडीला ठरवता आले.

अंबाजोगाईला तो माणसांत उतरला आणि मी मोटरीत बसून राहिलो. परळीजवळ राखेच्या गाड्या पुढे धावत होत्या आणि कडेच्या झाडांची पाने करडी झाली होती. एरवी पाटील त्यावर काहीतरी बोलला असता.

देवळाच्या पायऱ्यांवर रांग होती. गाभाऱ्यात पुजाऱ्याने संकल्पाचे पाणी हातावर सोडायला सांगितले आणि सवयीने विचारले, “गंगेचं ना?” वर्षानुवर्षे त्या घाटाची कळशी येत असे, त्यामुळे त्याला माहीत होते. मागे उभ्या असलेल्या पाटलाने माझ्याआधी “हो” म्हटले. मी म्हटले, “मांजरेचं.” आणि संकल्पात मांजरेचेच नाव घेतले. मग पत्नीचे नाव आणि गोत्र सांगितले. पिंडीवरून ते तांबूस पाणी ओघळून गेले. मी देवाला काही मागितले नाही. जे मागायचे ते गंगेच्या पाण्याबरोबर मागायचे होते.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. माझे गुडघे आखडले होते. मी मोटरीतून उतरेपर्यंत पाटील ओसरी चढून आत गेला होता. मी उंबऱ्यात पोहोचलो आणि त्याचा आवाज ऐकला. मोठा, उमदा, सभेत असतो तसा.

“ताई, घातलं बघ तुझं गंगेचं पाणी वैजनाथाला! तीन बहिणींना भेटवून. शास्त्रीनं एक थेंब सांडू दिला न्हाई.”

तिने डोळे मिटले आणि डावा हात कपाळाला नेला. नमस्कार दोन हातांनी होतो. तिला एकाच हाताने करावा लागतो. तो हात कपाळावर असताना मला बोलावे लागले. त्याहून क्रूर वेळ मला मिळाली नसती, पण तो हात तसाच खाली आला असता तर माझे तोंड पुढे कधी उघडले नसते.

“नाही,” मी म्हणालो. “ते गंगेचं नव्हतं. गंगेचं वाटेत सांडलं. पिंडीवर मांजरेचं घातलं.”

पाटील माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी अजून विसरलो नाही. जणू विश्वासघात मीच केला होता.

“मी तुझी बाजू सावरत होतो,” तो म्हणाला. “आन् तू घरात उभा करून मला तोंडघशी पाडलंस.”

“दादा,” ती म्हणाली, “चहा घेऊन जा.”

परक्या पाहुण्याला म्हणावे तसे ते होते. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी चहाचे विचारले नव्हते. तो आला की चहा होत असे. तो चहा न घेता गेला. मोटरीचा आवाज लांब गेल्यावर तिने विचारले,

“कुठं सांडलं?”

“मांजरसुंब्याला.”

“हार घालून घेताना?”

मी चकित झालो. “तुला कसं कळलं?”

“त्यांना दोन्ही हात एकदम मोकळे कधी लागतात, ते मला माहीत आहे.” मग म्हणाली, “मी माजलगावच्या वाटेनं म्हटलं होतं.” आणि तिने भिंतीकडे तोंड केले. एका बाजूने कूस बदलायला तिला फार कष्ट पडतात. मी मदतीला पुढे झालो तर तिने खांदा आक्रसून घेतला. तिचा राग पाटलावर होता, पण त्या वाटेला हो म्हणणारा मी होतो, आणि जवळही मीच होतो.

त्या आठवड्यात माझे पूजेत लक्ष लागले नाही. सांडलेल्या पाण्याचे दुःख ओसरू लागले. दुसरी एक गोष्ट वाढत गेली. मी मागच्या गोष्टी तपासू लागलो. तिला इस्पितळात नेले त्या पहाटेची मोटर, ती न वळलेली पाठ. तेव्हा त्याला बीडला कोणाला भेटायचे तर नव्हते? इस्पितळाच्या दारात त्याच्याशी बोलणारी ती माणसे कोण होती? असे प्रश्न मनात येऊ देणे मला लाजिरवाणे वाटते. परंतु ते येतात, आणि उत्तर मिळण्याची सोय नाही. एका कळशीबरोबर त्याने माझी ती पहाटही ओतून टाकली. त्या पहाटेत खरोखर गंगा होती की बाटलीतले पाणी, हे मला आता कधीच कळणार नाही.

राखी पौर्णिमेला तो येईल असे मला वाटले नव्हते. तो आला, पायी, टोपी हातात घेऊन. ओसरीवर मला पाहून म्हणाला, “शास्त्री.” मी म्हणालो, “ये.” आमच्यात एवढेच शब्द झाले. कळशी आतल्या आढ्याला उपडी टांगलेली होती. तिच्याकडे पाहायचे त्याने टाळले.

पत्नी उशीला टेकून बसली होती. ताटलीत राखी, कुंकू, साखर. तो खाटेशी बसला आणि मनगट पुढे केले. तिने लगेच राखी घेतली नाही.

“दादा, येत्या सोमवारी ह्यांना एसटीत बसवून द्या. माजलगावच्या. बसायला जागा मिळाली पाहिजे, कळशी मांडीवर असणार आहे. घाटावर तुम्ही पहाटे जा, तिथून पाणी भरून आणा. पायी.”

“मोटर हाय की, ताई. दहा मिनटांत...”

“मोटर नको.”

“बरं,” तो म्हणाला. “पायी आणतो.”

“आणि हार घालायला कोणी भेटलं तर?”

त्याने मान खाली घातली. “न्हाई टेकवणार.”

हेच शब्द त्याने या खोलीत पूर्वीही उच्चारले होते, त्यामुळे ते मला कसेसेच वाटले. तिला कसे वाटले ते तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. तिने डाव्या हाताने राखी उचलून त्याच्या मनगटावर ठेवली. एका हाताने गाठ येत नाही. तिचे अंग गेल्यापासून राखीचे दुसरे टोक मी धरतो आणि आम्ही दोघे मिळून ती बांधतो. दर वेळी त्यात काहीतरी थट्टा व्हायची. पाटील म्हणायचा, शास्त्री, आता तू पण माझी बहीण झालास.

या वेळी माझा हात पुढे झाला नाही. मी ठरवून आवरला असे नाही. तो मांडीवर होता आणि तिथेच राहिला. पाटील माझ्याकडे पाहत नव्हता. राखी त्याच्या मनगटावर सैल पडून होती आणि तिच्या बोटांत एक टोक होते.

“अहो,” ती म्हणाली. “टोक धरा.”

मी धरले. तिच्यासाठी धरले. तिने आपले टोक फिरवले, माझ्या बोटांखालून घेतले आणि ओढले. गाठ बसली. पाटलाने तिच्या पायांवर डोके ठेवले आणि तो उठला. जाताना दारात थांबून त्याने मला विचारले, “सोमवारी किती वाजता?”

“एसटीच्या वेळेला,” मी म्हणालो, आणि ताटली उचलून आत गेलो.